वाट आणि वहिवाट : जिवतीच्या नाल्याकाठून



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींची थोडी निराशा झाली असेल. ना लढाई, ना राजवंश. जंगलातून नाल्याच्या काठाने जाणारी एक सोपी पायवाट, आणि तिचा इतिहास. पण माझं सगळं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, इतिहासाकडे मी उशिरा वळलो, आणि वळलो तो अशाच एका पायवाटेमुळे. त्यामुळे मला तिच्याबद्दल बोललं पाहिजे.

जागा आधी सांगतो. चंद्रपूरहून राजुरा, राजुऱ्याहून गडचांदूर, आणि गडचांदूरहून घाट चढला की जिवती. इकडचे लोक या सगळ्या भागाला नुसतं ‘पहाड’ म्हणतात. पहाडावर चाललो, पहाडावरून आलो. घाटातच माणिकगडाचा किल्ला आहे. दरवाजावरच्या नागाच्या शिल्पावरून तो नागवंशी माना प्रमुखांनी बांधला असं मानतात. पायथ्याशी अमलनाल्याचं धरण आहे, आणि सिमेंटचे कारखाने आहेत, कारण खाली चुनखडी आहे. वर मात्र काळा पाषाण. पावसाळ्यात पहाडावर पाऊस चांगला पडतो, पण त्या पाषाणावरून तो वाहून जातो. उन्हाळ्यात माणसं नाल्याच्या कोरड्या पात्रात झिरे खणतात आणि वाटी-वाटीने पाणी भरतात.

हे लक्षात ठेवा, कारण वाटेचं मूळ इथे आहे. पहाडावर कोलाम आणि गोंडांच्या वस्त्या आहेत. अनेक गावांच्या नावामागे ‘गुडा’ लागतो. गुडा म्हणजे वस्ती. गुड्यातून पाण्याकडे, पाण्याच्या काठाने खाली शेताकडे, तिथून पुढे बाजाराकडे, अशी ती वाट जाते. चालायला सोपी. दोन्ही बाजूंना साग, ऐन, धावडा. पात्राजवळ अर्जुन, जांभूळ, उंबर. तीन-चार ठिकाणी वाट नाला ओलांडते, आणि जिथे ओलांडते तिथे नेमके पाय ठेवण्याजोगे दगड असतात.

ती सोपी का, याचा विचार आपण करत नाही. पाणी स्वतःचा उतार शोधतं. डोक्यावर हंडा किंवा मोळी घेतलेली बाई, ढोरांमागे चालणारा पोरगा, हेही तोच उतार शोधतात. नाल्याने सुचवलं, पायांनी ठरवलं, असं हजारो वेळा झालं, तेव्हा ती वाट झाली. आपण सहलीला जातो आणि म्हणतो, “छान, सोपा ट्रेक आहे.” तो सोपेपणा म्हणजे कुणाचे तरी पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट असतात.

आता माझ्यावर काय गुजरली ते सांगतो. गुजरली म्हणण्यापेक्षा, मी काय केलं ते सांगतो.

१९७९चा हिवाळा. मी तरुण प्राध्यापक होतो, सुट्टीत पहाड बघायला आलो होतो. एका गुड्यातले वृद्ध कोलाम गृहस्थ मला नाल्याकाठच्या वाटेने न्यायला तयार झाले. त्यांचं नाव इथे सांगत नाही. ते पुढे, मी मागे. कुठला दगड हलतो, कुठलं झाड देवाचं, कुठे अस्वल उतरतं, हे ते मधूनमधून सांगत. बोलणं कमीच. तासाभराने समोरून खाकी कपड्यातला एक माणूस आला. मला बघून त्याने नमस्कार केला, “सर, फिरायला आलात काय?” असं विचारलं. आणि लगेच त्या वृद्धांकडे वळून आवाज चढवला, “तू इकडे कशाला? कोणाला विचारून आला?”

मी मध्ये पडलो. मला वाटलं, मी चांगलं काम करतोय. मी म्हणालो, “अहो, हा माझ्याबरोबर आहे.”

तो माणूस निघून गेला. आम्ही पुढे चालू लागलो. बऱ्याच वेळाने म्हातारबाबा मागे न बघता म्हणाले, “गुर्जी, वाट त पायानं होते. पाय थांबले का वाट गेली.” एवढंच. रागाने नाही.

माझं ते वाक्य मला आजही बोचतं. एक तर ते खोटं होतं. ते माझ्याबरोबर नव्हते, मी त्यांच्याबरोबर होतो. मला ना वाट माहीत, ना झाडं, ना परतायचं ठिकाण. दुसरं, मराठीत माणूस एका शब्दात पकडला जातो. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला मी ‘हे’ नाही, ‘हा’ म्हणालो. खाकीवाल्याने ‘तू’ म्हटलं, त्याचा मला राग आला. आणि मी ‘हा’ म्हटलं ते मला ऐकूही आलं नाही. त्या वाटेवर मी पाहुणा, ते धनी. पण दोन मिनिटांत उलटं झालं: मी अधिकारी, आणि ते माझ्या जबाबदारीवर सोडलेले.

हे उलटं कसं झालं? ते त्या खाकीवाल्याच्या स्वभावामुळे झालं नाही. त्याच्यामागे शंभर वर्षांचा कायदा उभा होता. तो कायदा वाचायला मी नंतर लागलो.

आधी आपल्या भाषेतला एक शब्द घेऊ. ‘वहिवाट’. सातबाऱ्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना तो पाठ असतो. वर्षानुवर्षं जो कसतो, वापरतो, उपभोगतो, त्याची ती वहिवाट. शब्दातच ‘वाट’ आहे. चालत राहिल्याने हक्क तयार होतो, ही समज आपल्या भाषेत मुरलेली आहे. आणि ती नुसती समज नाही. १८८२चा सुविधाधिकारांचा कायदा, ज्याला वकील मंडळी ईझमेंटचा कायदा म्हणतात, तोही हेच सांगतो. शेजाऱ्याच्या जमिनीतून तुम्ही २० वर्षं उघडपणे, शांतपणे, अखंड, हक्क म्हणून जात असाल, तर ती वाट तुमचा हक्क बनते. जमीन सरकारची असेल तर ३० वर्षं. १९०६चा मामलेदार न्यायालयांचा कायदाही शेताकडे जाणारी रूढ वाट कुणी अडवली तर ती मोकळी करण्याचा अधिकार मामलेदाराला देतो. म्हणजे कायद्याला पाय समजत होते.

जंगलात मात्र दुसरा कायदा. पहिला १८६५चा, मग १८७८चा, आणि आजही लागू असलेला १९२७चा भारतीय वन अधिनियम. रीत अशी. सरकारने एखादं जंगल आरक्षित करायचं ठरवलं, की वन-जमाबंदी अधिकारी आजूबाजूच्या गावांत स्थानिक भाषेत जाहीरनामा काढतो. ज्याचा काही हक्क असेल त्याने तो ठरलेल्या मुदतीत, लेखी किंवा स्वतः हजर राहून मांडायचा. ही मुदत किमान तीन महिने. मुदतीत मांडला नाही, तर कलम ९ म्हणतं, हक्क संपला. आणि एकदा जंगल आरक्षित झालं, की त्यानंतर नुसत्या चालण्याने तिथे नवा हक्क तयार होत नाही. ते कलम २३.

बघा काय झालं. शेजाऱ्याच्या शेतात २० वर्षांच्या चालण्याने वाट मिळते. आरक्षित जंगलात कित्येक पिढ्यांचं चालणं तीन महिन्यांत जातं. ‘स्थानिक भाषा’ म्हणजे कुठली, हाही प्रश्न आहेच. पहाडावर कोणी घरात कोलामी बोलतं, कोणी गोंडी. कागदाची भाषा यांपैकी एकही नव्हती.

आणखी एक कलम आहे, २५वं. त्याचा मथळा वाचून मी बराच वेळ थांबलो होतो, कारण त्यात वाटा आणि जलप्रवाह एकत्र आले आहेत. आरक्षित जंगलातली सार्वजनिक किंवा खासगी वाट, किंवा पाण्याचा प्रवाह, वन अधिकाऱ्याला शासनाच्या मंजुरीने बंद करता येतो. अट एवढीच, की शासनाला पुरेशी सोयीची वाटेल अशी दुसरी वाट किंवा दुसरा प्रवाह असला पाहिजे. सोयीची कुणाला, हे हंडा घेतलेल्या बाईला विचारायचं नाही. शासनाला वाटायला हवं. आणि २६व्या कलमात, आरक्षित जंगलात अतिक्रमण करून शिरणं हा गुन्हा. १९७९मध्ये ‘कोणाला विचारून आला’ असं जे विचारलं गेलं, ते याच कलमाचं बोलीभाषेतलं रूप होतं.

इथे कुणी सावध श्रोता म्हणेल, “प्राध्यापक, पहाड तर तेव्हा इंग्रजांकडे नव्हताच.” बरोबर. राजुरा तालुका निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. निजामाचे जंगल कायदे वेगळे, पण वळण तेच. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात आदिलाबादची जंगलं आरक्षित होत गेली, तसे डोंगरावर फिरती शेती करणारे कोलाम आणि गोंड हुसकले गेले. १९४०मध्ये जोडेघाटला कुमराम भीम आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. पाणी, जंगल आणि जमीन हीच त्यांची मागणी होती. जोडेघाट पहाडाच्या पलीकडल्या उतारावरचं. आज ते तेलंगणात येतं, पण तेव्हा जिल्हा एकच होता. त्या उठावानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमनडॉर्फ यांना या भागात अभ्यासाला पाठवलं. त्यांनी लिहून ठेवलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गोंड लोक कोलामांना ‘पुजारी’ म्हणत, कारण त्या भूमीच्या देवतांशी बोलणं त्यांनाच जमतं असं गोंडांना वाटे. ज्यांच्याकडे भूमीचं पौरोहित्य, त्यांनाच त्या भूमीवर शिरायला परवानगी लागावी, ही या इतिहासातली विसंगती आहे.

पुढे राज्यं बदलत गेली. १९४८मध्ये निजामाची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ला राजुरा तालुका द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. १९५९मध्ये चांदा जिल्ह्यात आला. १९६०मध्ये महाराष्ट्र. ज्यांच्यामागे मी चाललो त्या बाबांनी जागेवरून न हलता इतकी सरकारं आणि इतके जिल्हे पाहिले. प्रत्येक वेळी कचेरी बदलली, कागदाची भाषा बदलली, आणि नव्या कचेरीत त्यांची वाट पुन्हा कुठेच लिहिलेली नव्हती.

अजूनही हा घोळ मिटलेला नाही. जिवती तालुक्यातल्या सीमेवरच्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही दावा सांगतात. तिथे दोन राज्यांच्या शाळा, दोन रेशनकार्डं, दोन ठिकाणी मतदान. बंजारा कुटुंब तेलंगणाच्या कागदावर अनुसूचित जमातीत, महाराष्ट्राच्या कागदावर विमुक्त जातीत. नाला ओलांडला नाही तरी जात-जमात बदलते!

आता या वाटेवर आपण सहलीची माणसं कधी आलो, ते बघू. १८६४मध्ये अमेरिकेत योसेमिटीचं खोरं लोकांच्या विहारासाठी राखून कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केलं गेलं. राज्याच्या उद्यानाची कल्पना तिथून रुजली. पण त्याआधी १८५१मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांना शस्त्रबळाने हुसकण्यात आलं होतं. आधी राहणारा बाहेर, मग बघणारा आत, हा क्रम तिथे दिसतो. आपल्याच जिल्ह्यात ताडोबा १९५५मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. ताडोबा हे नावच मुळी वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू या गावप्रमुखाचं, असं परंपरा सांगते. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, आणि पौषात तिथे आदिवासींची यात्रा भरत असे. पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणकोणत्या कारणांसाठी देता येईल याची यादी आहे: अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन, तिथल्या रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार. पर्यटन हे कारण कायद्यात छापलेलं आहे. देवाला जायचं आहे, हे कारण त्या यादीत नाही.

मी जंगल खात्याच्या विरोधात भाषण करतोय असं समजू नका. आरक्षण झालं नसतं तर ठेकेदारांनी किती साग ठेवला असता, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो, आणि उत्तर सुखाचं येत नाही. वाघालाही वाट लागते. माझं म्हणणं एवढंच, की जंगल राखायचं तर तिथल्या माणसाचं चालणं पुसलंच पाहिजे, हे गृहीतक तपासून बघायला हवं.

ज्यांनी हा कायद्याचा विचार आपल्याला दिला, त्या इंग्रजांच्या घरी काय चाललं होतं? तिथेही डोंगराळ माळ जमीनदारांनी शिकारीसाठी बंद केले होते. २४ एप्रिल १९३२ला मँचेस्टर परिसरातले काहीशे कामगार तरुण किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम विनापरवाना चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पण १९४९मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यानांचा आणि डोंगर-माळावर जाण्याच्या हक्काचा कायदा झाला, २०००मध्ये तो हक्क आणखी रुंदावला, आणि २००२मध्ये त्या जमिनीच्या तेव्हाच्या मालक घराण्यातल्या ड्यूकने जाहीर माफी मागितली. २०००च्या कायद्यात एक कलम असंही होतं, की जुन्या पायवाटा १ जानेवारी २०२६पर्यंत नोंदवा, नाहीतर त्यांचा हक्क जाईल. लोकांनी ओरड केली. मुदत पुढे ढकलावी लागली. त्यांना पाव शतकही अपुरं वाटलं. पहाडावरच्या माणसाला तीन महिने पुरेसे होते!

आपल्याकडे ती माफी २००६मध्ये आली, असं मी मानतो. वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकेत आदिवासी आणि इतर वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचं संसदेने मान्य केलं. सरकारी कागदावर असे शब्द सहज येत नाहीत. त्या कायद्याने निस्तार, गौण वनोपज, चराई, पाणवठे, आणि जंगल राखण्याचा सामूहिक हक्क मान्य केला. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून हे गाव घडलं. माणसं राहिली आणि जंगलही राहिलं, हे तिथे बघायला मिळतं.

पण या कायद्यातही एक काटा आहे, आणि तो जिवतीला चांगलाच बोचतो. आदिवासी नसलेल्या वननिवासीला १३ डिसेंबर २००५पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथलं वास्तव्य दाखवावं लागतं. पहाडावर साठ-सत्तरच्या दशकांत, विशेषतः १९७२च्या दुष्काळानंतर, मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं चालत आली. बंजारा, मातंग, बौद्ध, हटकर. पाण्याच्या शोधात त्याच नाल्याकाठच्या वाटांनी आली. त्यांची तिसरी पिढी आज शेत कसते, पण ७५ वर्षं भरत नाहीत. म्हणून पट्टा नाही, आणि पट्टा नाही म्हणून पीककर्जाची अडचण. आधी आलेला कोलाम आणि नंतर आलेला मराठवाडी, दोघंही एकाच वाटेवर कागद शोधत उभे आहेत. कधीकधी एकमेकांसमोर उभे राहतात, हेही खरं. वहिवाट किती वर्षांची म्हणजे खरी, याचं उत्तर मला सोपं वाटत नाही. २०, ३०, ७५. हे आकडे माणसांनीच ठरवलेले आहेत, आणि माणसांना ते पुन्हा विचारात घेता येतील.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. वनहक्काच्या नियमांतला १३वा नियम पुराव्यांचा आहे. त्यात सरकारी कागद आहेतच. पण दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि कोणीतरी लिहून घेतलेली हकीगतही पुरावा आहे. पिण्याच्या पाण्याच्या जागा, कंदमुळं गोळा करण्याच्या जागा, देवाची झाडं, देवराया, स्मशानभूमी, हेही पुरावे आहेत. एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात, पण नाल्याकाठची वाट चालताना हे सगळं एका मागोमाग एक लागतं! झिरा, जांभळीखालचा डोह, शेंदूर लावलेला दगड. म्हातारबाबा मला १९७९मध्ये हेच तर दाखवत होते. माझ्या खिशात वही होती. मी तीत झाडांची नावं लिहिली, त्यांच्या आठवणी लिहिल्या नाहीत. ते आता नाहीत. मला झालेलं नुकसान भावनेचं आहे. त्यांच्या गुड्याचं झालेलं नुकसान कदाचित कागदाचं आहे, आणि ते जास्त मोठं आहे.

म्हणून तुमच्यापैकी जे येत्या हिवाळ्यात पहाडावर जातील, त्यांना माझी विनंती आहे. वाट सोपी आहे, पाणी स्वच्छ आहे, जरूर जा. जाण्याआधी गुड्यात विचारा, आणि जो पुढे चालेल त्याच्या मागे चाला. कोणी अडवलं तर म्हणा, “मी यांच्याबरोबर आलोय.” वाटेवरच्या जागांची जुनी नावं विचारा, कोणी कधीपासून पाणी भरलं ते विचारा, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत तिथल्या ग्रामसभेला देऊन या. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मी हे हक्काने सांगतो. हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही, कारण ज्यांना आठवतं ती माणसं माझ्याहूनही म्हातारी आहेत.